आउटबोर्ड इंजिन आणि टाळलेली देखभाल : वाचकांचे प्रश्न

मे महिना उजाडला की आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागच्या बाजूला बाहेरून टांगलेल्या, इंजिनांविषयीची पत्रे वाढतात. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारीला बंदी असते, पर्यटकांच्या बोटीही मेअखेरीस थांबून ऑगस्ट सरेपर्यंत किनाऱ्यावर राहतात, आणि हंगामभर ज्या इंजिनाकडे कोणी वळून पाहिलेले नसते त्याचा हिशेब याच दिवसांत पुढ्यात येतो. या वेळची पत्रे म्हणूनच एका विषयाची निवडली आहेत. खर्चाचे आकडे पत्रलेखकांनी कळवलेले आहेत. गावागावांत आणि इंजिनागणिक ते बदलतील, त्यांचे एकमेकांशी असलेले प्रमाण मात्र फारसे बदलणार नाही.

प्रश्न : देवबागला आमच्या दोन पर्यटक बोटी आहेत. त्यांतल्या एकीचे ४० अश्वशक्तीचे टू-स्ट्रोक इंजिन ऐन नाताळच्या आठवड्यात कर्ली खाडीच्या मुखाजवळ बंद पडले आणि दोर ओढूनही चाक हलेना. मेकॅनिकने खोलले तेव्हा एक पिस्टन सिलिंडरला घासून अडकलेला निघाला. बोअरिंग, नवे पिस्टन, रिंगा, गॅस्केट आणि मजुरी धरून ६८ हजार रुपये झाले. मेकॅनिकच्या मते पाण्याच्या पंपातला रबरी इंपेलर, म्हणजे पाणी ढकलणारे पात्यांचे चाक, तीन वर्षे बदलला नाही, हे याचे मूळ आहे. तो इंपेलर हजार-बाराशे रुपयांचा. मी रोज संध्याकाळी इंजिन गोड्या पाण्याने धुतो, शिवाय पुस्तिकेत बहुतेक कामांपुढे ‘वर्षातून एकदा’ असेच लिहिले आहे. मग दोष नेमका कुठे राहिला? — बोटमालक, देवबाग

उत्तर : आपल्या मेकॅनिकचे निदान बरोबर असण्याचीच शक्यता जास्त आहे. ते का, हे समजून घेतले तर उरलेल्या दोन्ही शंका आपोआप सुटतील.

आउटबोर्ड इंजिनाला मोटारीसारखा रेडिएटर नसतो. ज्या पाण्यात बोट तरंगते तेच पाणी गिअरच्या पेटीजवळच्या जाळीतून आत ओढले जाते, गिअरपेटीच्या डोक्यावर बसवलेला पंप ते वर सिलिंडरपर्यंत चढवतो, आणि उष्णता घेऊन ते बाहेर पडते. या पंपात इंपेलर मध्यावर बसवलेला नसतो, थोडा एका बाजूला असतो. त्यामुळे फिरताना त्याची पाती एका बाजूला दबतात, दुसऱ्या बाजूला उघडतात आणि पाणी पुढे ढकलतात. रबर ताजे असेपर्यंत हे बिनबोभाट चालते. पुढे पाती वाकलेल्या स्थितीतच कडक होतात, त्यांच्या कडा झिजतात, कधी एखादे पाते मुळापासून तुटून वरच्या पाणवाटेत जाऊन अडकते. मंद वेगात अशा पंपाचे पाणी पुरते. पर्यटकांनी भरलेली बोट पूर्ण वेगात घेतली की ते पुरत नाही. पिस्टन सिलिंडरपेक्षा लवकर तापतो आणि फुगतो, दोघांमधली तेलाची पातळ फट नाहीशी होते, आणि धातू धातूला घासू लागतो. तिथून इंजिन जाम व्हायला मिनिटेसुद्धा लागत नाहीत.

देवबागच्या बाबतीत आणखी एक गोष्ट धरावी लागते, आणि ती म्हणजे वाळू. खाडीच्या मुखाशी वाळूचे पट्टे सतत जागा बदलतात, ओहोटीला पाणी गुडघाभर राहते, आणि पर्यटकांना संगमावर उतरवताना बोट वाळूला टेकवणे हा रोजचाच प्रकार असतो. त्या वेळी पंखा वाळू ढवळतो आणि पंप ती गिळतो. वाळूचा कण रबराला झिजवतो, त्याहून अधिक तो इंपेलरभोवतीच्या पेल्याला आणि खालच्या पातळ पत्र्याला ओरखडे पाडतो. म्हणूनच तुमच्यासारख्या ठिकाणी नुसता इंपेलर बदलून भागत नाही. पेला आणि पत्रा बोटाने चाचपून पाहावा, नखाला खाच लागली तर संपूर्ण संच बदलावा. खर्च दुप्पट-तिप्पट होईल, पण ओरखडे पडलेल्या पेल्यातला नवा इंपेलर फार दिवस नवा राहत नाही.

आता पुस्तिकेतल्या ‘वर्षा’विषयी. कंपन्यांच्या देखभालीच्या तक्त्यात सहसा दोन मापे शेजारी शेजारी दिलेली असतात, तास आणि महिने, आणि त्यांतले जे आधी भरेल ते धरायचे असते. गिअर ऑइल, फोर-स्ट्रोक इंजिनाचे तेल, प्लग, ग्रीस यांसाठी बहुधा १०० तास किंवा एक वर्ष असे लिहिलेले आढळते. हे वर्ष सुटीच्या दिवशी हौसेने बोट काढणाऱ्या मालकाचे आहे. तुमचे इंजिन दिवसाला ४ तास आणि महिन्याला २५ दिवस चालत असेल, तर तुमचे १०० तास एका महिन्यात भरतात. ऑक्टोबर ते मे या आठ महिन्यांत ८०० तास, आणि इंपेलर न बदलता काढलेल्या तीन हंगामांत साधारण २,४०० तास. हौशी मालकाला एवढे तास भरायला वीस-पंचवीस वर्षे लागली असती. आपण पुस्तिका पाळली नाही असे मी म्हणणार नाही. आपण तिच्यातला दुसरा रकाना वाचला आणि पहिला सोडून दिला.

धुण्याविषयी विचारायचे ते असे, की आपण नेमके काय धुता? पाइपाने झाकणावरून आणि दांड्यावरून पाणी मारणे चांगले आहे, पण त्याने पाणवाटेतले मीठ हलत नाही. त्यासाठी पाणी आतून फिरले पाहिजे. पाणी ओढणाऱ्या जाळीवर रबरी कानटोप्या लावून नळाचे पाणी द्यावे, किंवा आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी करतात तसे इंजिनाचा खालचा भाग गोड्या पाण्याच्या पिंपात बुडवून, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून, मंद वेगात दहा-पंधरा मिनिटे ते चालवावे. एवढा वेळ अशासाठी, की थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावरच पाण्याला वाट देणारी झडप, उघडल्याशिवाय त्याच्यापलीकडच्या वाटांत गोडे पाणी पुरेसे पोहोचत नाही. पिंपातले पाणी पंपाच्या पातळीच्या वर असले पाहिजे, आणि तेच पाणी आठवडाभर वापरू नये, कारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी आपण खाऱ्या पाण्यानेच खारेपणा धूत असतो. पाण्याबाहेर ‘आवाज कसा येतो ते बघू’ म्हणून इंजिन चालवण्याची सवय कोणाला असेल तर ती आजच मोडावी. कोरड्या पंपात रबरी पाती काही सेकंदांत भाजून निघतात.

मागच्या बाजूने जी पाण्याची पिचकारी बाहेर पडते, तिच्यावर आपल्याकडे फार भिस्त ठेवली जाते. ती पाहावी, रोज पाहावी. परंतु तिचा अर्थ एवढाच, की पंप पाणी वर चढवतो आहे. बहुतेक इंजिनांत ती धार वाटेतूनच बाजूला काढलेली असते, त्यामुळे पुढच्या वाटा मिठाने चोंदल्या असल्या तरी धार छान दिसू शकते. उलट कधी पंप उत्तम असतो आणि धारेच्या नळीच्या तोंडाशी मिठाचा खडा किंवा कुंभारमाशीचे घर असते. बारीक तार फिरवली की काम होते. म्हणून धारेचा जोर पाहण्याबरोबर तिच्याखाली हातही धरावा. रोज कोमट लागणारे पाणी एक दिवस चटका देऊ लागले, तर तोच दिवस पंप उघडण्याचा.

आणखी एक शंका मनात येते. इंजिन तापले की भोंगा वाजायला हवा होता, त्याबद्दल आपण काही लिहिलेले नाही. आपल्या इंजिनाला ती सोय असेल, तर तिच्या वायरी जोडलेल्या आहेत का ते पाहावे. पर्यटक घाबरतात म्हणून भोंगा काढून ठेवलेली इंजिने कमी नाहीत, आणि हा प्रकार मला निष्काळजीपणाच्याही पलीकडचा वाटतो.

६८ हजारांत आपण बोट उभी राहिलेले दिवस धरलेले दिसत नाहीत. नाताळ ते नववर्ष या आठवड्याचे भाडे त्यात मिळवले, तर मूळ बिल लहान वाटू लागेल. आपल्या दुसऱ्या बोटीचे इंजिनही बहुधा तेवढेच तास चाललेले असणार. तिचा पंप उघडायला पुढच्या नाताळापर्यंत थांबू नये. या पावसाळ्यात एकदा आणि पुढे हंगामाच्या मध्यावर एकदा, असा क्रम वाळूच्या पाण्यात योग्य ठरेल. इंजिनाला तासांचे मीटर नसेल तर शंभर पानी वहीत रोजचे तास लिहावेत. बोट चालवणारा तांडेल ते लिहू शकतो, मालकाने रोज बंदरावर यायची गरज नाही.

प्रश्न : पेडणे तालुक्यात शापोरा नदीत मी लहान होडीने जाळी टाकतो. १५ अश्वशक्तीचे इंजिन आहे. गिअर ऑइल काढले तर ते ताकासारखे पांढरट निघाले. ओळखीचा फिटर म्हणतो, नवीन तेल भर आणि हंगाम काढ, पुढचे पावसाळ्यात बघू. तसे चालेल का? — मत्स्यव्यावसायिक, गोवा

उत्तर : तेल पांढरे झाले याचा अर्थ गिअरपेटीत पाणी शिरले आहे, आणि जे पाणी जुन्या तेलात शिरले ते नव्यातही शिरणार. हंगामाचे चार-सहा दिवस उरले असतील आणि आपण रोज सकाळी तेल तपासणार असाल, तर फिटरचे म्हणणे एक वेळ चालेल. महिना उरला असेल तर चालणार नाही.

जाळी टाकणाऱ्यांच्या इंजिनात हे पाणी बहुतेकदा एकाच वाटेने येते. जाळ्याचा किंवा गरीचा नायलॉनचा तुटका धागा पंख्यामागे दांड्याभोवती गुंडाळला जातो, पंखा फिरतो तसा तो आत सरकतो, आणि दांड्यावरचे रबरी सील कापतो. बाहेरून काहीच दिसत नाही. पंख्याची नट-पिन काढून, पंखा उतरवून पाहिले की धाग्याचे घट्ट वेटोळे सापडते. पंधरवड्यातून एकदा पंखा उतरवणे, धागा काढणे, दांड्याला पाण्यात न धुपणारे ग्रीस लावून पंखा परत बसवणे आणि पिन नवी घालणे, हे अर्ध्या तासाचे काम आहे आणि त्याला मेकॅनिक लागत नाही. या ग्रीसचा दुसरा उपयोग असा, की पंखा दांड्याला चिकटून बसत नाही. वर्षानुवर्षे न काढलेला पंखा शेवटी हातोडीने किंवा आगीने काढावा लागतो आणि त्यात रबरी बुश जातो.

पाणी येण्याची दुसरी वाट फारच क्षुल्लक असते. तेल भरण्याच्या आणि हवेच्या अशा दोन स्क्रूंखाली जे वॉशर असतात ते दर वेळी नवे घालायचे असतात, आणि बरेच जण तेच चपटे झालेले पुन्हा घालतात. म्हणून सील बदलण्याआधी वॉशरची चौकशी करावी. मेकॅनिककडे हवेचा दाब देऊन गिअरपेटी तपासण्याचे साधन असते. कमी दाबाची हवा भरून पेटी पाण्यात धरली की बुडबुडे कुठून येतात ते लगेच दिसते, आणि अंदाजाने सगळीच सीले बदलण्याचा खर्च वाचतो.

रोजच्या तपासणीची रीत सोपी आहे. रात्रभर इंजिन उभे राहू द्यावे. तेल पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे सुटे पाणी तळाशी जमते. सकाळी खालचा स्क्रू किंचित सैल केला की पाणी असेल तर आधी तेच ठिबकते. नवे तेल भरताना वरचा स्क्रू काढून ठेवावा आणि तेल खालच्या भोकातून वर चढवावे, वरच्या भोकातून ते बाहेर येऊ लागले की आधी वरचा स्क्रू लावून मग खालचा लावावा. वरून ओतलेल्या तेलाखाली हवा अडकते आणि पेटी अर्धवट भरलेली राहते. स्क्रूच्या चुंबकाला काळसर, मऊ लेप दिसला तर ती नेहमीची झीज आहे. नखाएवढे तुकडे दिसले तर होडी पाण्यात घालू नये.

सील आणि वॉशर यांचा खर्च काही शेकड्यांत किंवा फार तर दोन-तीन हजारांत बसतो. पाण्यात चाललेल्या गिअरपेटीत बेअरिंगांना गंज धरतो, गिअरच्या दातांचे टवके उडतात, आणि मग पेटीतले सगळेच बदलावे लागते, जे लहान इंजिनाच्या बाबतीत जुन्या इंजिनाच्या किमतीच्या जवळ जाते. त्यात आणखी एक भाग असा, की गिअर तुटताना इंजिन बंद पडत नाही. ते जोरात आवाज करीत चालू राहते आणि होडी मात्र जागची हलत नाही. नदीच्या मुखाशी ओहोटीचा ओढ आणि समुद्राची लाट समोरासमोर येतात तिथे हे घडले तर नांगर आणि वल्ही हेच उपाय उरतात. दोन्ही होडीत असावेत, आणि तटरक्षक दलाचा समुद्रातील मदतीसाठीचा १५५४ हा क्रमांक फोनमध्ये नोंदवलेला असावा.

प्रश्न : मागच्या पावसाळ्यात होडी हर्णैला वर ओढून ठेवली तेव्हा टाकीत १५ लिटर पेट्रोल-तेलाचे मिश्रण शिल्लक होते. ऑगस्टमध्ये इंजिन सुरूच होईना. कार्ब्युरेटर साफ केल्यावर सुरू झाले, पण दोन आठवड्यांत एका सिलिंडरच्या पिस्टनला भोक पडले. पेट्रोल पंपावरचेच होते, तेलही घातले होते. हे इथेनॉलमुळे झाले असे सगळे म्हणतात. खरे आहे का? — वाचक, दापोली तालुका

उत्तर : अर्धे खरे आहे. इथेनॉल हे निमित्त, आणि दोन महिने टाकीत ठेवलेले मिश्रण हे कारण.

आपल्याकडे २० टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल २०२३ पासून टप्प्याटप्प्याने येऊ लागले आणि २०२५ पर्यंत ते जवळपास सर्वत्र पोहोचले. आउटबोर्ड बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांच्या पुस्तिकांत मात्र सर्वसाधारणपणे १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असे लिहिलेले असते. मोटारसायकलीच्या मालकाला हा फरक फारसा जाणवत नाही, कारण तिची टाकी बंदिस्त असते आणि पेट्रोल आठवड्याभरात संपते. होडीची टाकी खाऱ्या, दमट हवेत उघडीच म्हणावी अशी असते. तिच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू कित्येकदा महिनोन् महिने सैलच असतो. इथेनॉल हवेतली वाफ आणि टाकीत शिरलेले पाणी दोन्ही सामावून घेते. ठरावीक मर्यादेपर्यंत पाणी पेट्रोलमध्ये विरघळून राहते. ती मर्यादा ओलांडली की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि जड असल्यामुळे टाकीच्या तळाशी बसतात. इंजिनाची नळी पेट्रोल ओढते तीही तळातूनच.

टू-स्ट्रोक इंजिनात याचा परिणाम दुहेरी होतो. वेगळ्या झालेल्या तळच्या थरात तेल जवळजवळ राहत नाही, ते वरच्या पेट्रोलमध्ये राहते. म्हणजे इंजिनाला पहिल्यांदा जे मिळते त्यात धड ज्वलन नाही आणि धड वंगणही नाही. त्याशिवाय इथेनॉल जुन्या रबरी नळ्यांना आतून मऊ करते, टाकीत वर्षानुवर्षे जमलेला चिकट थर सोडवते, आणि हा सगळा गाळ कार्ब्युरेटरच्या केसाएवढ्या छिद्रांत येऊन बसतो. आपण कार्ब्युरेटर साफ केला, इंजिन सुरू झाले, म्हणजे छिद्रे पूर्ण मोकळी झाली असे नाही. एका सिलिंडरच्या कार्ब्युरेटरचे मुख्य छिद्र अर्धे बंद राहिले असेल, तर त्या सिलिंडरला हवा पूर्ण आणि पेट्रोल कमी मिळते, ज्वलनाची उष्णता वाढते, पेट्रोलबरोबर येणारे तेलही घटते, आणि पिस्टनचा माथा वितळून भोक पडते. शेजारचे सिलिंडर ठणठणीत असल्यामुळे इंजिन चालू राहते, हीच यातली मेख आहे. साफसफाईनंतर सगळे प्लग काढून शेजारी शेजारी ठेवले असते, तर एकाचा रंग इतरांसारखा तपकिरी नसून पांढरट दिसला असता.

पंपावर जे मिळते तेच घेणे भाग आहे, म्हणून सांभाळायचे ते पुढचे. दोन-तीन आठवड्यांत संपेल एवढेच मिश्रण करावे. टाकी आणि इंजिन यांच्यामध्ये पाणी वेगळे करणारा फिल्टर बसवावा, त्याच्या तळाची पाण्याची वाटी पारदर्शक असेल तर उत्तम, कारण मग न उघडता दिसते. पेट्रोलची नळी आणि हातपंपाचा फुगा जुना झाला असेल तर इथेनॉल सोसणारा नवा घ्यावा. इंजिन साठवण्यापूर्वी टाकी पूर्ण रिकामी करून सुकवावी, उरलेले ताजे मिश्रण त्याच आठवड्यात दुसऱ्या चालत्या इंजिनात संपवावे. गोड्या पाण्यावर शेवटचे धुणे चालू असतानाच पेट्रोलची नळी काढावी आणि कार्ब्युरेटर रिकामा होऊन इंजिन आपोआप थांबू द्यावे. मग कार्ब्युरेटरच्या तळाचा स्क्रू सोडून उरलेला थेंबही काढावा. प्लगच्या भोकातून साठवणीचे तेल फवारून हाताने दोन-चार फेरे द्यावेत. इंजिन उभेच टांगून ठेवावे, म्हणजे आतले पाणी निथळून जाते. आडवे ठेवलेच तर डोके पंख्याच्या बाजूपेक्षा कधीही खाली नसावे, नाहीतर राहिलेले पाणी धुराच्या वाटेने सिलिंडरमध्ये उतरते.

तेलही घातले होते, असे आपण लिहिता, पण कोणते ते लिहिलेले नाही. स्कूटरसाठी मिळणारे टू-स्ट्रोक तेल स्वस्त पडते म्हणून सर्रास वापरले जाते. पाण्याने थंड होणाऱ्या आउटबोर्डला राख न सोडणारे, डब्यावर ‘टीसी-डब्ल्यू३’ लिहिलेले तेल लागते. दुसऱ्या प्रकारच्या तेलाची राख पिस्टनवर आणि प्लगवर साठते आणि कधी कधी ठिणगीच्या आधीच पेट घडवून आणते, ज्याचा शेवट पुन्हा भोकातच होतो. प्रमाण ५० ला १ असेल तर लिटरला २० मिलिलिटर आणि २५ लिटरच्या टाकीला अर्धा लिटर. ते मापाने घालावे. अंदाजाने जास्त घातल्यास प्लग काळे होतात, कमी घातल्यास काय होते ते आपण पाहिलेच आहे.

प्रश्न : आमचे बोटिंग कोयनेच्या शिवसागर जलाशयात, तापोळ्याला चालते. पाणी गोडे असल्यामुळे झिंक बदलण्याची गरज नाही असे विक्रेता सांगतो. बरोबर आहे का? — वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : नाही. गोड्या पाण्यात झीज सावकाश होते, थांबत नाही. इंजिनाचा सांगाडा अॅल्युमिनियमचा, पंख्याचा दांडा स्टीलचा. असे दोन धातू एकाच पाण्यात असले की त्यांतला जो अधिक क्रियाशील असतो तो विरघळू लागतो. त्याऐवजी विरघळण्यासाठीच त्याहून क्रियाशील धातूचा एक तुकडा इंजिनाला जोडलेला असतो, त्यालाच सरसकट झिंक म्हणतात. खाऱ्या पाण्यात तो जस्ताचा चालतो, खाडीच्या मचूळ पाण्यात अॅल्युमिनियमच्या खास मिश्रधातूचा अधिक चांगला, आणि गोड्या पाण्यात मॅग्नेशियमचा. गोड्या पाण्यात जस्तावर एक थर चढतो आणि त्याचे काम थांबते, त्यामुळे वर्षानुवर्षे न झिजलेले झिंक पाहून आपण समाधान मानतो आणि झीज दुसरीकडे चालू राहते. उलट तापोळ्याचे इंजिन कोणी मालवणला नेले तर मॅग्नेशियमचा तुकडा झपाट्याने संपेल, तो आधी बदलावा. तुकडा निम्म्याहून अधिक झिजला की नवा लावावा, त्याच्यामागची बैठक घासून स्वच्छ करावी, आणि त्याच्यावर रंग कधीही चढवू नये. रंगवलेला तुकडा नुसती शोभा असते.

प्रश्न : आमचा महिला बचत गट वेंगुर्ल्याच्या परिसरात कांदळवन सफरीसाठी होडी चालवू इच्छितो. एकाकडे १५ अश्वशक्तीचे सहा वर्षांचे फोर-स्ट्रोक इंजिन नव्याच्या निम्म्या किमतीत मिळते आहे. ‘काही काम निघणार नाही’ असे मालक म्हणतात. आम्हांपैकी कोणालाच इंजिनाची माहिती नाही. काय पाहावे? — बचत गटाच्या सदस्या, सिंधुदुर्ग जिल्हा

उत्तर : आपण विकत घेत आहात ते इंजिन जितके, तितकीच मागच्या मालकाची देखभाल, म्हणून पहिला प्रश्न इंजिनाविषयी न विचारता कागदांविषयी विचारावा. सुट्या भागांच्या पावत्या, तासांची वही, तेल बदलल्याच्या तारखा, यांपैकी काहीही दाखवता येत असेल तर किमतीबद्दल थोडे सैल राहायला हरकत नाही. काहीच नसेल तर गृहीत धरावे की काहीच केलेले नाही, आणि त्याप्रमाणे रक्कम कमी करून मागावी.

पाहायला जाल त्या दिवशी इंजिन थंड असावे. आपण पोहोचण्यापूर्वीच ते गरम करून ठेवलेले असेल, तर थंड असताना सुरू न होणारे इंजिन लपवले जात आहे, अशी शंका घ्यावी. झाकण काढून सिलिंडरच्या डोक्याजवळ आणि थर्मोस्टॅटच्या कडेला मिठाचे पांढरे ओघळ आहेत का, रंग तापून तपकिरी किंवा फुगल्यासारखा झाला आहे का, हे पाहावे. या दोन खुणा असतील तर इंजिन निदान एकदा तरी फार तापलेले आहे. तेलाची काडी बाहेर काढून तेल पाहावे. ते नुसते काळे असेल तर जुने आहे, साय धरल्यासारखे असेल तर त्यात पाणी आहे. गिअरपेटीचा खालचा स्क्रू सैल करून दोन थेंब कागदावर घ्यावेत, त्याची परीक्षा पेडण्याच्या पत्राच्या उत्तरात दिली आहे. झिंकचे तुकडे पूर्ण संपलेले असतील तर सांगाडाच काही काळ त्यांच्या जागी झिजत होता, आणि तुकडे अगदी नवे पण त्यांच्याभोवतीचा धातू खड्ड्याखड्ड्यांचा असेल, तर ते आपल्याला दाखवण्यासाठी काल बसवलेले आहेत.

मेकॅनिक बरोबर न्यावा, पण मालकाचा नेहमीचा नको. त्याला सर्व सिलिंडरांचा कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन वर येताना आत तयार होणारा दाब, मोजायला सांगावे. आकडा किती आहे यापेक्षा सिलिंडरांमध्ये फरक किती आहे याला महत्त्व असते. दहा-पंधरा टक्क्यांहून जास्त तफावत निघाली, तर पिस्टन, रिंगा किंवा व्हॉल्व्ह यांपैकी काहीतरी गेलेले आहे आणि निम्मी किंमतही जास्तच ठरेल.

सगळे ठीक निघाले तरी घेतल्या दिवशीच इंपेलरचा संच, इंजिनाचे तेल आणि त्याचा फिल्टर, गिअर ऑइल व नवे वॉशर, प्लग, पेट्रोलचा फिल्टर आणि झिंक बदलावे, आणि हा खर्च आधीच इंजिनाच्या किमतीत धरून गटापुढे आकडा ठेवावा. त्यानंतर दर सफरीच्या उत्पन्नातून इंजिनासाठी ठरलेली रक्कम वेगळी काढावी. ती महिन्यावर न ठरवता तासावर ठरवावी, कारण मे महिन्यात सफरी दुप्पट होतात तेव्हा झीजही दुप्पट होते.

शेवटची तपासणी पाण्यातच करावी. होडीत निदान चार माणसे बसवून, अर्धा तास, त्यातला काही वेळ पूर्ण वेगाने इंजिन चालवून पाहावे, थांबवावे आणि लगेच पुन्हा सुरू करावे. मालक पिंपात चालवून दाखवण्यावरच अडून बसले, तर व्यवहार तिथेच सोडून द्यावा.